विष्णूची चिठ्ठी

आमच्या चौघांजवळ लहानपणचा एकही फोटो नाही. लोकांच्या घरी अल्बम असतो, आमच्याकडे किस्से आहेत. आणि या किश्शांचं एक असतं, एकाचं बोट धरून दुसरा येतो, दुसऱ्याच्या पाठोपाठ तिसरा, आणि दर भेटीत प्रत्येकाचं वजन पावशेर वाढलेलं असतं. आश्रम सोडून पस्तीसच्या वर वर्षं झाली, तरी आम्ही भेटलो की चहाच्या तीन फेऱ्या होतात आणि घरची माणसं कंटाळून उठून जातात. माझी बायको तर विचारते, "तुमच्या त्या आश्रमात अभ्यास कधी व्हायचा?"

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मी माधव, टोंकखुर्दला मास्तर आहे, रिटायर व्हायला अजून पाच-सहा वर्षं आहेत. दिनकर, म्हणजे आमचा दिन्या, धारलाच राहिला. मोटार वाइंडिंगचं दुकान आहे त्याचं. मराठीत सुरू केलेलं वाक्य तो हिंदीत संपवतो. विष्णू देवासला शिंपी आहे आणि आमच्यात सगळ्यात कमी बोलतो. आणि शकू, कन्नौदच्या दवाखान्यात नर्स. चौघंही धारच्या एकाच अनाथाश्रमात वाढलो, आणि वाढवलं ते काकूंनी. काकू म्हणजे तिथल्या स्वयंपाकीण, व्यवस्थापक, मास्तरीण, सगळं एकाच लुगड्यात.

या उन्हाळ्यात शकूच्या मुलीचं, केतकीचं, लग्न निघालं. मुलगा देवासचा, लग्नही देवासलाच. शकूचा फोन आला. कसा आहेस, बरा आहेस, काही नाही.

"माधव, पोरीला बोहल्यावर न्यायला मामा पाहिजे."

"मग मी आहे ना," मी म्हटलं.

"दिन्यापण हेच म्हणाला," ती म्हणाली.

मग खरी गोष्ट बाहेर आली. शकूच्या सासूबाईंनी अठ्ठावीस वर्षं एक वाक्य सोडलेलं नाही, 'आमच्या धाकटीला माहेर नाही.' आता त्याचा पुढचा भाग आला होता. माहेर नाही तर मामा कुठला? तेव्हा थोरल्या सुनेचा भाऊ मामा म्हणून उभा करू, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

"इतकी वर्षं मी ऐकून घेतलं रे," शकू म्हणाली. "पण माझ्या पोरीचा मामा माझ्या माहेरचाच पाहिजे. धारचा. आणि हात धरून नेणारा एकच असतो, नाहीतर त्यावरूनही ऐकावं लागेल. कोण ते तुम्ही ठरवा."

तुम्ही ठरवा, म्हणे! पंचावन्नच्या घरातले मी आणि दिन्या महिनाभर फोनवर भांडलो. विष्णू भांडला नाही. तो का भांडला नाही, ते पुढे येईलच. माझं विचाराल तर मला फार वाटत होतं. मला दोन मुलगे. बहीण नाही, हे वेगळं सांगायला नको. आयुष्यात एकदा तरी चारचौघांसमोर कोणाचा तरी मामा म्हणून उभं राहावं, फेटा बांधावा, फोटोत यावं, असं वाटत होतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

*

आम्ही पुन्हा कसे भेटलो, तो किस्सा आधी घ्या. आश्रम सुटल्यावर पोटापाण्यासाठी जो तो पांगला. तेव्हा मोबाईल कुठले! मध्ये बरीच वर्षं मला कोणाचाच पत्ता नव्हता.

नऊएक वर्षांपूर्वी देवासमध्ये एका मुंजीला गेलो होतो. पंगतीत समोर एक जाडजूड, टक्कल पडलेला गृहस्थ बसला होता. त्याचा चेहरा मला मुळीच ओळखीचा वाटला नाही. पण तो जेवत होता डावा हात ताटाभोवती गोल धरून. आमच्या आश्रमात असं धरावंच लागायचं, नाहीतर आपली पोळी शेजारच्याच्या पोटात जायची. मी बघत राहिलो. गृहस्थाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि एक लाडू हळूच खिशात सोडला.

हात धुताना मी त्याला गाठलं. "दिन्या?"

त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "कौन भिया?"

"अरे, मी माधव. धारचा."

त्याला काही पटलं नाही. थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग सरळ माझ्या कुडत्याच्या खिशात हात घातला आणि माझा लाडू बाहेर काढला.

"हौ," दिन्या म्हणाला, "माधवच है."

आम्ही मिठी मारली तेव्हा दोन्ही लाडवांचा चुरा झाला. तो आम्ही तिथंच उभ्याने खाल्ला. विष्णूचा पत्ता दिन्याकडे होता, शकूचा विष्णूकडे. महिन्याभरात चौघं पुन्हा एकत्र आलो.

*

खाण्यावरून आठवलं. धारमधली जुनी मराठी घरं पितृपक्षात आश्रमातल्या पोरांना जेवायला बोलवायची. पंधरा दिवस आमची चंगळ असायची. आम्हाला गावातली जिवंत माणसं फारशी ठाऊक नव्हती, पण गेलेली सगळी ठाऊक होती, तिथीसकट आणि पक्वान्नासकट. पंचमीला वकिलांचे वडील, म्हणजे खीर. अष्टमीला पेन्शनर काकांची आई, म्हणजे अनारसे. नवमीच्या एका आजी तर आम्हाला फारच प्रिय होत्या, त्यांच्या नावाने पुरणपोळी असायची.

आता आम्हाला स्वतःचे पूर्वज नव्हते, म्हणून आम्ही गावाचे वाटून घेतले होते. त्यात वाईट काही वाटायचं नाही. आज वाटतं थोडं.

एकदा एक निवृत्त अंमलदार आश्रम बघायला आले. ऐंशीच्या पुढचे, पण काठीसारखे ताठ. आमच्याशी गोड बोलले, पाढे विचारले, लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. सात वर्षांचा दिन्या त्यांच्याकडे टक लावून बघत होता. शेवटी त्याने विचारलंच, "आजोबा, तुमच्या तिथीला खीर असेल की बासुंदी?"

काकूंनी कपाळाला हात लावला. आजोबा मात्र मिनिटभर हसत होते. जाताना दिन्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बासुंदीच ठेवायला सांगतो."

तीन वर्षांनी ते गेले. पुढच्या पितृपक्षात त्यांच्या घरून बोलावणं आलं. पंगतीत बसलो तर बासुंदी! त्यांची सून वाढता वाढता विचारत होती, "तुमच्यातला दिनकर कोण? त्याला दोन वाट्या द्यायला सांगितलंय." दिन्याने दुसरी वाटी खाल्ली नाही. मांडीवर घेऊन रडत बसला. आजही बासुंदी समोर आली की तो आधी वाटी मांडीवर घेतो, मगच खातो.

*

काकू सगळं मोजायच्या. पोळ्या मोजायच्या, चमचे मोजायच्या, अंथरुणं मोजायच्या. आम्ही आडवे झालो की प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत मोजत जायच्या. मोजणी पुरी झाल्याशिवाय त्यांनी कधी दिवा मालवला नाही.

एका वर्षी कोण्या कापडवाल्याने अख्खा तागा दान दिला. कापड पांढरं आणि त्यावर बशीएवढी पिवळी फुलं. त्या ताग्यातून मुलांचे सदरे झाले, मुलींचे झगे झाले, उशांचे अभ्रे झाले, आणि तरी उरलं म्हणून हॉलचे पडदेही झाले. वर्षभर आम्ही बागेसारखे दिसत होतो.

त्यातच सरकारी तपासणीला साहेब आले. विष्णूला कोणीतरी सांगून ठेवलं होतं की साहेब एक मूल घेऊन जातात. विष्णू तेव्हा आठ वर्षांचा. साहेबांनी ओळीत उभं करून मोजलं. रजिस्टरमध्ये बावीस, हॉलमध्ये एकवीस. पुन्हा मोजलं, एकवीसच. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एक लड़का कम है."

काकू कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पडदा नीट बघा साहेब, त्याला पाय आहेत."

*

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या आश्रमातली भाऊबीज.

दिवाळीला ज्या मुलांचे काका, मामा, लांबचे कोणीतरी असायचे ते न्यायला यायचे. उरायचो ते ज्यांना कोणीच नाही असे, नऊ-दहा मुलगे आणि चार मुली. कोणी कोणाला ओवाळायचं यावरून रडारड नको म्हणून काकूंनी एक पद्धत काढली होती. बिस्किटांचा पत्र्याचा एक डबा होता. प्रत्येक मुलाने आपलं नाव कागदावर लिहायचं, मराठीत, शुद्ध, आणि घडी करून डब्यात टाकायचं. काकू डब्यात हात घालून चिठ्ठ्या खालवर करायच्या, झाकण लावून डबा हलवायच्या, आणि मग मुलींनी आळीपाळीने एकेक चिठ्ठी काढायची, डबा रिकामा होईपर्यंत. ज्याचं नाव निघेल तो पुढच्या भाऊबीजेपर्यंत तिचा भाऊ.

हे नातं वर्षभर पाळावं लागायचं. भावाने बहिणीची बादली उचलायची, बहिणीने भावाची बटणं लावायची. शाळेत कोणी तिला चिडवलं तर मार खायला भावाने पुढे व्हायचं. एका वर्षी दिन्या शकूच्या वाट्याला आला आणि त्याने वर्षभर बादलीला हात लावला नाही. पुढच्या भाऊबीजेला शकूने चिठ्ठी उघडली, पुन्हा दिन्या. तिने चिठ्ठी घडी घालून परत डब्यात टाकली आणि शांतपणे म्हणाली, "ही मागच्या वर्षी वापरलेली आहे."

मी पाच वर्षं शकूचा भाऊ होतो, दिन्या चार. मामा होण्याचा माझा हक्क कसा पक्का होता, ते तुम्हीच बघा.

आणि विष्णू? विष्णूची चिठ्ठी निघायचीच नाही. पहिल्या वर्षी डबा रिकामा झाला आणि विष्णू उभाच! आम्ही सतरंजी झटकली, डबा उपडा करून ठोकला. "टाकली होती का रे?" "टाकली होती." दुसऱ्या वर्षी म्हटलं, वाऱ्याने उडाली असेल. तिसऱ्या वर्षी उंदरावर आळ घेतला. त्यानंतर शोधणंही बंद झालं. त्याचं नशीबच तसं, असं आम्ही पोरांनी ठरवून टाकलं. त्याला 'उरलेला' म्हणायचो. मुलं दुष्ट असतात, आणि आम्ही तर जरा जास्तच होतो.

दरवर्षी सगळ्यांचं ओवाळणं झालं की काकू पाटाकडे बोट दाखवायच्या. "चल विष्णू, तू माझा." मग काकू त्याला ओवाळायच्या. त्या एका दिवशी तो त्यांना ताई म्हणायचा, बाकी वर्षभर काकू. असं दहा वर्षं चाललं. मी तुपाचं निरांजन लावलेलं ताट बघायचो आणि मनात म्हणायचो, बिचारा.

*

आश्रम बंद झाला तेव्हा काकूंना कोणी नव्हतं. भाचे-पुतणे होते म्हणतात, पण आले नाहीत. आम्ही सगळे आपापल्या संसारात. मी तेव्हा काकूंना पत्र लिहिलं होतं, छान लांबलचक. विष्णू जीप घेऊन गेला आणि त्यांना देवासला घरी घेऊन आला. पंचवीस वर्षं झाली त्याला. त्याचं घर म्हणजे पुढे शिलाई मशीन आणि मागे दोन खोल्या. त्यातली उजेडाची खोली काकूंची.

मागच्या वर्षी काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी सोबत गेलो होतो. काउंटरवरचा मुलगा फॉर्म भरत होता.

"पेशंट की उम्र?"

"छियासी," विष्णू म्हणाला.

"आप कौन लगते हो? बेटा?"

"भाई."

मुलाने पेन खाली ठेवलं. विष्णूचे केस अजून अर्धे काळे आहेत. "भिया, मज़ाक मत करो. रिश्ता बताओ."

"वही तो बताया," विष्णू म्हणाला. "बड़ी बहन है."

मागे व्हीलचेअरवर काकू बसल्या होत्या. त्या मुलाला म्हणाल्या, "लिख दो बेटा, सच बोल रहा है." त्याने मान खाली घालून लिहिलं. फॉर्मवर अजून आहे, नातं: भाऊ.

*

तर लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सगळे विष्णूच्या घरी जमलो. मामा अजून ठरला नव्हता. शकू केतकीला घेऊन आली होती. पोरगी हळदीने पिवळी, हातावर मेंदी, आणि आईच्या तोंडाकडे बघत बसलेली. तिकडे कार्यालयात सासूबाईंनी थोरल्या सुनेच्या भावाला फेटाही आणून ठेवला होता.

विष्णूने मामांसाठी बंड्या शिवल्या होत्या. बाहेरून साधं मोतिया रेशमी कापड. उलटून बघितलं तर आत अस्तर पांढरं आणि त्यावर बशीएवढी पिवळी फुलं! कुठून शोधून आणलं होतं देव जाणे. दिन्या बंडी उलटीच घालून आरशासमोर उभा राहिला. सगळे हसलो, हसता हसता शकूने डोळे पुसले.

बंड्या दोनच होत्या. एक दिन्याच्या घेराची, एक माझी.

"तुझी कुठाय?" मी विचारलं.

"माझी चिठ्ठी निघते होय कधी?" विष्णू दोरा तोडत म्हणाला. "कापड कशाला वाया घालवायचं."

त्याच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं, आज मंगळवार आहे म्हणावं तसं बोलला. मला मात्र त्याच्याकडे बघवेना. दिन्या एकदम खिडकीशी जाऊन रस्त्यावरची रहदारी बघायला लागला. त्या रस्त्याला रहदारी नसते.

शेवटी शकूनेच तोडगा काढला. "डबा आहे अजून?"

डबा होता. काकूंच्या औषधाच्या गोळ्या असायच्या त्यात. विष्णूने त्या वाटीत काढून ठेवल्या. शकूने विष्णूच्या मापाच्या वहीचं पान फाडून आम्हा तिघांना कागद दिले. आम्ही तिघं तीन भिंतींकडे तोंड करून लिहायला बसलो, शाळेत बसायचो तसे.

मी पेन उघडलं. पाच वर्षांचा माझा हक्क, फेटा, फोटो, सगळं डोळ्यांसमोर होतं. आणि मी लिहिलं, विष्णू. मनात म्हटलं, एकदा तरी निघू दे त्याची. स्वतःचंच कौतुक वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

मी चिठ्ठी टाकली, दिन्याने टाकली, मग विष्णूने डब्यात हात घातला. काकूंनी डबा मांडीवर घेतला. ऑपरेशन होऊनही नजर फारशी आलेली नाही, तरी नेहमीप्रमाणे आत बोटं फिरवून चिठ्ठ्या खालवर केल्या, झाकण लावलं आणि डबा हलवला. शकूने डोळे मिटून चिठ्ठी काढली.

"विष्णू," तिने वाचलं.

मग शकूने डबा कलता केला. आत एकच चिठ्ठी उरली होती. तिने तीही उघडली. दिन्याचं गिचमिड अक्षर मला लांबूनही ओळखता आलं. त्यावरही विष्णूच.

दिन्या माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. विष्णू मात्र गोंधळून गेला होता.

"हे कसं होईल?" तो म्हणाला. त्याने सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "माझी तर ही इथं आहे."

"टाकलीच नाहीस तू?" शकू म्हणाली. "आजसुद्धा?"

"मी कधीच टाकली नाही."

"अबे, पण क्यों?" दिन्या ओरडलाच.

विष्णूने हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली. "सगळ्याच चिठ्ठ्या निघाल्या असत्या," तो म्हणाला, "तर काकूंनी कोणाला ओवाळलं असतं?"

शकू केतकीचा हात धरून उभी होती.

काकूंनी चाचपडत डब्याचं झाकण शोधलं आणि लावलं.

"दहा वर्षं दरवेळी एक कमी भरायची," त्या म्हणाल्या. "मोजल्याशिवाय मी डबा हलवायचे असं वाटलं का रे तुला? जा आता. उद्या शकूचा हो."